देवळालीची व्याख्या आणि बहात्तर लाख अंकांची संख्या : एका स्वयंभू मूळ संख्येचे गणिती गुणधर्म

सारांश

२^२४०३६५८३ − १ ही ७२,३५,७३३ अंकांची मूळ संख्या १५ मे २००४ रोजी सापडली. ऑक्टोबर २००६ मध्ये तिचा आणखी एक गुणधर्म सिद्ध झाला : ती 'स्वयंभू' आहे. स्वयंभू संख्येची व्याख्या देवळाली (जि. नाशिक) येथील शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी केलेली आहे. प्रस्तुत लेखात या संख्येचे मूळत्व, परिपूर्ण संख्येशी असलेले तिचे नाते आणि तिचे स्वयंभूत्व यांचे विवेचन केले असून, अशा गुणधर्मांचे गणितातील नेमके मूल्य काय, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : मूळ संख्या, मर्सेन संख्या, स्वयंभू संख्या, जनक संख्या, कापरेकर.

१. प्रस्तावना

मूळ संख्येची व्याख्या शालेय विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. एक आणि स्वतः ती संख्या यांखेरीज जिला दुसरा विभाजक नाही, ती मूळ संख्या होय. अशा संख्या अनंत आहेत हे युक्लिडने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी सिद्ध केले. तथापि 'अनंत आहेत' हे सिद्ध करणे वेगळे आणि एखादी अतिप्रचंड संख्या समोर ठेवून 'ही मूळ आहे' असे खात्रीने सांगणे वेगळे.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेली संख्या आज सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या नाही. तो मान तिच्याकडे फेब्रुवारी २००५ पर्यंतच होता. तरीही तिची निवड करण्यामागे कारण आहे. पॅरिसचे मर्सेन, लीडनला शिकवणारे नव्हे तर पदवीपुरतेच शिक्षण घेतलेले देवळालीचे कापरेकर, आणि घरच्या संगणकावर गणित करणारा एक अमेरिकन स्वयंसेवक, असे तीन परस्परांना अपरिचित धागे या एका संख्येत एकत्र येतात. यांपैकी कापरेकरांचा धागा महाराष्ट्रातील अध्यापकांच्या विशेष विचारास पात्र आहे.

२. संख्येचा परिचय

२ च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यावर मिळणाऱ्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा मूळ संख्यांची यादी प्रसिद्ध केली होती. तीत काही चुकाही होत्या. ३, ७, ३१, १२७ या सुरुवातीच्या मर्सेन मूळ संख्या होत. त्यांचे घातांक अनुक्रमे २, ३, ५, ७ हे स्वतः मूळ आहेत आणि ही गोष्ट अपरिहार्य आहे. घातांक संयुक्त असेल, उदाहरणार्थ ६, तर २^६ − १ = ६३ या संख्येला २^२ − १ = ३ आणि २^३ − १ = ७ या दोहोंनी भाग जातो. उलट विधान मात्र खरे नाही. ११ हा घातांक मूळ असूनही २^११ − १ = २०४७ = २३ × ८९ ही संख्या संयुक्त आहे. म्हणूनच प्रत्येक मूळ घातांकाची स्वतंत्र परीक्षा घ्यावी लागते.

२,४०,३६,५८३ हा असाच एक मूळ घातांक आहे. त्यापासून मिळणाऱ्या संख्येचे अंक किती, हे लॉगॅरिथमने सांगता येते. घातांकास २ च्या लॉगने, म्हणजे ०.३०१०२९९९५६६ ने गुणले असता ७२,३५,७३२.४७६ येतात. अर्थात संख्येत ७२,३५,७३३ अंक आहेत. अपूर्णांकातील ०.४७६ या भागावरून तिची सुरुवात २९९४ ने होते हेही कळते. तिचे शेवटचे नऊ अंक ७३३९६९४०७ असे आहेत.

हा आकार डोळ्यांपुढे आणण्यासाठी चौकटीच्या वहीचा विचार करावा. पाच मिलिमीटरच्या प्रत्येक चौकटीत एक अंक लिहिला, तर ही संख्या सुमारे ३६ किलोमीटर लांब होईल. सोलापुरात लिहावयास प्रारंभ केला, तर शेवटचा ७ लिहिताना अक्कलकोट जवळ आलेले असेल. पानावर तीन हजार अंक बसतात असे धरले, तर २,४१२ पानांचा ग्रंथ होईल. द्विमान पद्धतीत मात्र तिचे रूप अत्यंत साधे आहे : २,४०,३६,५८३ वेळा लिहिलेला १.

३. मूळत्वाची कसोटी

एवढ्या संख्येला लहान मूळ संख्यांनी भागत जाण्याचा शालेय मार्ग येथे निरुपयोगी आहे. विश्वाचे आयुष्यही त्याला पुरणार नाही. मर्सेन संख्यांसाठी मात्र एक खास कसोटी उपलब्ध आहे. एद्वार ल्यूका यांनी १८७८ मध्ये तिची मूळ मांडणी केली आणि डी. एच. लेमर यांनी १९३० च्या दशकात तिला आजचे सुटसुटीत रूप दिले.

कसोटी अशी : ४ पासून प्रारंभ करावा. प्रत्येक पायरीवर हाती असलेल्या संख्येचा वर्ग करून त्यातून २ वजा करावेत आणि मर्सेन संख्येने भागून बाकी घ्यावी. घातांकाहून दोनने कमी इतक्या पायऱ्या झाल्यावर बाकी शून्य उरली तर ती मर्सेन संख्या मूळ, अन्यथा संयुक्त. ३१ साठी घातांक ५, म्हणून पायऱ्या ३. पहिल्या पायरीवर ४ चा वर्ग १६, उणे २ म्हणजे १४. दुसऱ्या पायरीवर १९६ उणे २ म्हणजे १९४; ३१ ने भागून बाकी ८. तिसऱ्या पायरीवर ६४ उणे २ म्हणजे ६२, बाकी शून्य. म्हणून ३१ मूळ आहे.

प्रस्तुत संख्येसाठी हीच कृती २,४०,३६,५८१ वेळा करावी लागते आणि प्रत्येक वेळी लाखो अंकांच्या संख्येचा वर्ग करावा लागतो. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी सुरू केलेल्या 'ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च' या प्रकल्पात हे काम जगभरातील स्वयंसेवकांच्या संगणकांवर वाटून दिले जाते. जॉश फिंडली यांच्या साध्या पेंटियम संगणकाने सुमारे दोन आठवडे अखंड गणन केले आणि अखेरीस शून्य बाकी दाखवली. त्यानंतर भिन्न यंत्रांवर स्वतंत्र पडताळणी झाली. लहानातून मोठी या क्रमाने ही ४१ वी मर्सेन मूळ संख्या आहे. २०२४ पर्यंत अशा ५२ संख्या ज्ञात झाल्या. त्यांतील सर्वांत मोठी २^१३६२७९८४१ − १ ही ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक डुरंट यांना सापडली. तिचे अंक ४,१०,२४,३२० आहेत. मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत, हा प्रश्न अद्याप अनिर्णित आहे.

४. परिपूर्ण संख्येशी नाते

जिच्या स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच येते, ती परिपूर्ण संख्या. ६ = १ + २ + ३ आणि २८ = १ + २ + ४ + ७ + १४ ही परिचित उदाहरणे. मर्सेन संख्या मूळ असेल, तर तिला २ च्या एकाने कमी घाताने गुणल्यास परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडने दाखवले : २ × ३ = ६, ४ × ७ = २८, १६ × ३१ = ४९६. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच स्वरूपाची असते, हे पुढे ऑयलर यांनी सिद्ध केले.

परिणामी २००४ मध्ये एक मूळ संख्या सापडली त्याच क्षणी १,४४,७१,४६५ अंकांची एक परिपूर्ण संख्याही हाती आली. हा गुणधर्म संख्या कोणत्या पद्धतीत लिहिली आहे यावर अवलंबून नाही. पुढे ज्या गुणधर्माची चर्चा करावयाची आहे, त्याची जात निराळी आहे.

५. कापरेकर आणि स्वयंभू संख्या

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यास आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये बी. एस्सी. झाल्यावर त्यांनी देवळाली येथे शिक्षकाची नोकरी पत्करली आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच शिकवीत राहिले. पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास ६१७४ ही संख्या येते, हा त्यांचा शोध सर्वपरिचित आहे. स्वयंभू संख्यांची कल्पना त्या मानाने कमी परिचित आहे.

कल्पना अशी : कोणतीही संख्या घ्यावी आणि तीत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २३ घेतल्यास २३ + ५ = २८. येथे २३ ही २८ ची जनक संख्या झाली. काही संख्यांना एकाहून अधिक जनक असतात. १०१ ही संख्या ९१ पासूनही मिळते (९१ + १०) आणि १०० पासूनही (१०० + १). काहींना मात्र एकही जनक नसतो. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ या शंभराच्या आतील अशा तेरा संख्या. त्या दुसऱ्या कोणापासून उत्पन्न होत नाहीत, म्हणून कापरेकरांनी त्यांना 'स्वयंभू' म्हटले. ज्या मातीत स्वयंभू लिंग आणि स्वयंभू गणपती हे शब्द घरोघरी बोलले जातात, तेथे या नावाला स्पष्टीकरणाची गरज नव्हती. दशमान पद्धतीत सरासरीने दर शंभर संख्यांमागे सुमारे दहा संख्या स्वयंभू असतात.

सुरुवातीच्या मर्सेन मूळ संख्या या दृष्टीने तपासल्यास काय दिसते? ३, ७ आणि ३१ या स्वयंभू आहेत. त्यानंतर चित्र पालटते. १२७ चा जनक १२२, ८१९१ चा ८१६८, १,३१,०७१ चा १,३१,०६० आणि ५,२४,२८७ चा ५,२४,२६४. ऑयलर यांनी १७७२ मध्ये मूळ ठरवलेल्या २,१४,७४,८३,६४७ या संख्येचाही जनक आहे : २,१४,७४,८३,६०६, त्याच्या अंकांची बेरीज ४१. वाचकास हे प्रत्येक उदाहरण एका बेरजेने पडताळता येईल.

ऑक्टोबर २००६ पर्यंत ४४ मर्सेन मूळ संख्या ज्ञात होत्या. त्यांतील सर्वांत मोठी स्वयंभू संख्या २^२४०३६५८३ − १ ही होय, असे ल्यूक पेबडी यांनी त्या महिन्यात दाखवले. तिच्याहून मोठ्या तिन्ही ज्ञात मर्सेन मूळ संख्यांना जनक होते. हिला मात्र नव्हता.

६. स्वयंभूत्व कसे तपासावे

बहात्तर लाख अंकांच्या संख्येला जनक नाही, हे सिद्ध कसे करावे? तिच्याहून लहान सर्व संख्या तपासणे अशक्य आहे. परंतु तीन साध्या विचारांनी हे काम आश्चर्यकारकरीत्या आटोक्यात येते.

पहिला विचार मर्यादेचा. जनक आणि त्याच्या अंकांची बेरीज मिळून प्रस्तुत संख्या होते. ७२,३५,७३३ अंकांपैकी प्रत्येक अंक ९ धरला, तरी त्यांची बेरीज ६,५१,२१,५९७ हून अधिक होऊ शकत नाही. म्हणजे जनक असलाच, तर तो प्रस्तुत संख्येच्या मागे साडेसहा कोटींच्या टप्प्यातच असला पाहिजे.

दुसरा विचार नऊच्या बाकीचा. कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यास बाकी समान उरते. म्हणून प्रस्तुत संख्येची बाकी ही जनकाच्या अंकबेरजेच्या दुपटीच्या बाकीइतकी असली पाहिजे. २ च्या घातांना ९ ने भागल्यास २, ४, ८, ७, ५, १ या बाक्यांचे चक्र फिरते. घातांक २,४०,३६,५८३ ला ६ ने भागल्यास बाकी १ उरते. म्हणून २ च्या या घाताची बाकी २ आणि प्रस्तुत संख्येची बाकी १. आता जिच्या दुपटीची बाकी १ येते अशी बाकी एकच, ती म्हणजे ५. अर्थात जनकाच्या अंकांची बेरीज ५, १४, २३, ३२ अशा नऊनऊच्या अंतराने येणाऱ्या संख्यांपैकीच असणार. साडेसहा कोटींच्या मर्यादेत अशा संख्या नेमक्या ७२,३५,७३३ आहेत; संख्येत जितके अंक, तितकेच उमेदवार. हा योगायोग नव्हे, सामान्य नियम आहे. ९७ चे अंक दोन, म्हणून उमेदवारही दोन : ८९ आणि ८०. ८९ + १७ = १०६ आणि ८० + ८ = ८८; दोन्ही अपात्र, म्हणून ९७ स्वयंभू. हा नियम कापरेकरांच्या विवेचनातूनच येतो.

तिसरा विचार शेपटाचा. प्रस्तुत संख्येचे शेवटचे नऊ अंक ७३,३९,६९,४०७ ही संख्या दर्शवितात. तीतून जास्तीत जास्त साडेसहा कोटी वजा करावयाचे असल्याने हातचा घेण्याची वेळ दहाव्या अंकापर्यंत येतच नाही. म्हणजे जनकाचे शेवटचे नऊ अंक वगळता उरलेले सर्व अंक प्रस्तुत संख्येचेच असतील. त्या अंकांची बेरीज एकदाच करून ठेवावी. जनकाची पूर्ण अंकबेरीज म्हणजे ही ठरलेली बेरीज अधिक शेवटच्या नऊ अंकांची बेरीज, आणि ही दुसरी बेरीज ० ते ८१ यांच्या दरम्यानच असू शकते. लागोपाठच्या या ८२ शक्यतांपैकी ९ ने भागून बाकी ५ देणाऱ्या शक्यता फार तर दहा. बहात्तर लाख उमेदवारांतून अखेरीस दहा उरले. एकदा संख्या दशमान रूपात लिहून अंकांची बेरीज हाती आली, की पुढच्या दहा वजाबाक्या वहीच्या एका पानावर मावतात.

मूळत्व ठरविण्यास दोन आठवडे आणि स्वयंभूत्वाचा शेवटचा टप्पा एका पानात, हा विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे.

७. गुणधर्माचे मूल्य

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. मूळत्व हा संख्येचा अंगभूत गुण आहे. ३१ ही संख्या कोणत्याही पद्धतीत लिहिली तरी मूळच राहते. स्वयंभूत्व मात्र लेखनपद्धतीवर अवलंबून असते. दशमान पद्धतीत स्वयंभू असलेली ३१ द्विमान पद्धतीत स्वयंभू राहत नाही; कारण २८ चे द्विमान रूप १११००, त्यातील अंकांची बेरीज ३, आणि २८ + ३ = ३१. माणसाला दहा बोटे आहेत यावर जो गुणधर्म बेतलेला आहे, त्याला गणितात खोल स्थान नाही, असे म्हणता येते. कापरेकरांच्या हयातीत अनेक व्यावसायिक गणितज्ञांची भूमिका साधारणतः अशीच होती आणि ती निराधार नव्हती.

परंतु आक्षेप मान्य केल्यावरही दोन गोष्टी शिल्लक राहतात. एक, गुणधर्म उथळ असला तरी तो सिद्ध करण्याची रीत उथळ नाही. मर्यादा घालणे, बाकीचा उपयोग करणे आणि स्थिर भाग वेगळा काढणे ही अंकशास्त्रातील मूलभूत साधने वरील सिद्धतेत वापरली गेली आहेत. उपयुक्ततेचा निकष लावायचा तर मूळत्वाचा हा विक्रमही त्यात उतरत नाही. संकेतलेखनात वापरल्या जाणाऱ्या मूळ संख्या काही शे अंकांच्याच असतात, लाखो अंकांच्या नव्हे.

दुसरी गोष्ट श्रेयाची. कापरेकरांनी आपले बरेचसे लेखन पदरमोड करून छापले. स्वयंभू संख्यांवरील त्यांचे पुस्तक १९६३ मध्ये देवळालीहून निघाले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९७४ मध्ये, 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली' या नियतकालिकात कोलंबियाच्या बेर्नार्दो रेकामान यांनी याच संख्यांविषयी प्रश्न विचारला आणि त्यांना 'कोलंबियन संख्या' हे दुसरे नाव मिळाले. येथे कोणी कोणाचे उचलले असे नाही. देवळालीत छापलेली पुस्तिका बोगोटापर्यंत पोहोचली नव्हती, एवढेच. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मधील आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

८. अध्यापनातील उपयोग

सोलापूर विद्यापीठाची स्थापना आणि या संख्येचा शोध या दोन्ही घटना २००४ या एकाच वर्षातील. जिल्ह्यातील महाविद्यालयांत पदवीच्या वर्गात येणारा विद्यार्थी बहुधा मराठी माध्यमातून आलेला असतो आणि 'बाकींचे गणित' हा घटक त्याला कोरडा वाटतो. लहान मर्सेन मूळ संख्यांचे जनक शोधावयास सांगितल्यास तोच घटक त्याच्या हाती साधन म्हणून येतो. ८१९१ साठी फक्त चार उमेदवार आहेत. विद्यार्थी ते फळ्यावर तपासू शकतो. पुढे ल्यूका-लेमर कसोटी लहान घातांकांसाठी संगणकावर दहा-पंधरा ओळींत लिहिता येते. खर्चिक प्रयोगशाळेची यासाठी आवश्यकता नाही.

९. निष्कर्ष

२^२४०३६५८३ − १ ही संख्या मूळ आहे, एका परिपूर्ण संख्येची घटक आहे आणि दशमान पद्धतीत स्वयंभू आहे. यांपैकी पहिले दोन गुणधर्म तिचे अंगभूत असून तिसरा आपल्या लेखनपद्धतीचा आहे. हा भेद विसरून कापरेकरांचा अवाजवी गौरव करणे जितके अयोग्य, तितकेच 'ही केवळ अंकांची गंमत' म्हणून त्यांच्या कामाकडे पाठ फिरवणेही अयोग्य आहे. त्यांनी व्याख्या केली तेव्हा एवढी मोठी मूळ संख्या कोणालाही ज्ञात नव्हती. ती सापडली तेव्हा त्यांच्या मृत्यूला अठरा वर्षे झाली होती. तरीही तिला लावण्याजोगा प्रश्न तयार होता, कारण तो नेमक्या शब्दांत विचारून ठेवलेला होता. लहान गावातील अध्यापकाचे काम छापले जाणे पुरेसे नाही. ते वाचले जाणे, तपासले जाणे आणि योग्य नावानिशी पुढे नेले जाणे आवश्यक आहे. ही जबाबदारी त्या अध्यापकाची एकट्याची नसून त्याच्या शेजारच्या महाविद्यालयांचीही आहे.